कोरडा वस्तरा
न्हाव्यानं मानेला तुरटी फिरवली आणि त्या गार स्पर्शासरशी पुणतांब्याचा घाट आठवला. वडिलांचा दहावा होता. शरीरच स्वतःच्या केसांवर उठतं अशा आजारात माझे केस, मिशा, भुवया सगळं आधीच गेलं होतं. वडील हयात असतानाच गावातल्या बाया मला बघून विचारायच्या, "म्हातारा गेला व्हय रं?" वडील ओट्यावरून ऐकायचे. मुंडनाला बसलो तसा घाटावरचा न्हावी थबकला. "काय काढू, दादा?" चुलते म्हणाले, "कोरडाच फिरव. रीत हाय." वस्तरा गुळगुळीत कातडीवरून नुसता सरकत राहिला. पुढं या आजारावर नवी गोळी निघाली, केस परत आले. गोळी थांबली की जातील, असं डॉक्टर म्हणतात. आज खाली पडलेले केस न्हाव्यानं केरात लोटले. ते वडिलांच्या वाट्याचे होते.