केल्विनने फिरवलेली पाठ

आर्डिस हॉगनचं काम सेकंद मोजण्याचं. तिचा नवरा होता तेव्हा चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तो चारचौघांत सांगायचा, "आमच्या हिला स्वयंपाकात अंडं वेळेवर उकडता येत नाही, पण कचेरीत मात्र घड्याळ लावून बसते." बायका हसायच्या. आर्डिसही हसायची.

मिनेसोटाच्या उत्तरेला रून लेक नावाचं गाव आहे. तिथे मिल्टन नायगार्ड या वकिलाच्या कचेरीत ती एकोणतीस वर्षं होती. आधी मिल्टनच्या वडिलांकडे, मग मिल्टनकडे. दारू पिऊन गाडी चालवताना पकडली गेलेली माणसं मिल्टनकडे यायची, आणि त्यांच्या बचावाची पहिली पायरी आर्डिसची असायची. पकडलेल्या माणसाला श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावण्याआधी पोलिसाने पंधरा मिनिटं त्याच्याकडे सलग बघत बसायचं, असा नियम. त्या वेळात त्याने तोंडात काही घालायचं नाही, उलटी करायची नाही, साधा ढेकरही द्यायचा नाही. नाहीतर यंत्राच्या आकड्यावर भरवसा राहत नाही. पोलीस ठाण्याच्या कॅमेऱ्यात ही पंधरा मिनिटं उतरतात. आर्डिस ते चित्रीकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. हातात घड्याळ, पुढ्यात चौकटीची वही. पोलिसाची नजर कधी हटली, किती वेळ हटली, हे ती लिहून काढायची. सरकारी वकील इतका वेळ बसत नसे. मिल्टन म्हणायचा, "आर्डिस, तुझ्या नजरेतून गोगलगायसुद्धा निसटायची नाही."

सहा वर्षांपूर्वी डेल रस्टाड नावाच्या माणसाच्या चित्रीकरणात तिला एकशे दहा सेकंद सापडले. पोलीस कपाटातून कागद काढायला वळला होता. आकडा बाद झाला, डेल सुटला. अकरा महिन्यांनी तळ्याच्या रस्त्यावर, पुन्हा पिऊन निघालेल्या डेलच्या गाडीखाली सापडून मॅरिट लुंड मेली. बेकरीत कामाला असलेली, एकोणीस वर्षांची, सायकलवरून घरी निघालेली.

त्या शिशिरापासून आर्डिसला मॅरिट दिसायला लागली. बाहेर कुठे नाही, फक्त त्या पडद्यावर. ठाण्याच्या खोलीत आरोपीशेजारी एक रिकामी खुर्ची असते. त्या खुर्चीत मॅरिट बसलेली असायची, पिठाचा एप्रन बांधून, हात मांडीवर ठेवून. आरोपीकडे बघायची नाही. आर्डिसकडे बघायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर उत्तम आहे, वयाच्या मानाने तर फारच उत्तम. आर्डिसने त्यांचे आभार मानले आणि ही गोष्ट परत कोणाजवळ काढली नाही.

मग ऑरिन स्काऊगची केस आली. ऑरिन तळ्याकाठच्या घरांचे, बोटी बांधायचे लाकडी धक्के बसवायचा. हिवाळ्याआधी ते पाण्यातून काढून ठेवायचा. दहा वर्षांतली ही चौथी वेळ, म्हणजे मोठा गुन्हा, तीन वर्षं तुरुंग. गाडीचा मागचा दिवा फुटला म्हणून त्याला थांबवलं होतं. वाकडीतिकडी गाडी चालवताना कोणी पाहिलं नव्हतं. त्याच्याविरुद्ध जे काही होतं ते यंत्राच्या आकड्यात होतं.

आर्डिस दुपारी चित्रीकरण लावून बसली. ऑरिन खुर्चीत. शेजारच्या खुर्चीत मॅरिट. समोर केल्विन बर्ग, ठाण्यातला पोलीस. तो आणि ऑरिन लहानपणी एकाच संघात हॉकी खेळलेले. सहा मिनिटं काही घडलं नाही. सातव्या मिनिटाला ऑरिन रडायला लागला.

केल्विन उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आर्डिसला लगेच कळलं. त्या गावात वाढलेल्या कोणालाही कळलं असतं. बाप्या माणूस रडायला लागला की बघायचं नसतं. खिडकीबाहेर बघायचं, बुटांकडे बघायचं, त्याचं आटपेपर्यंत थांबायचं. केल्विनला त्याच्या बापाने हेच शिकवलं होतं. नियम त्याच्या लक्षातसुद्धा आला नसेल. घड्याळाप्रमाणे तो चार मिनिटं वीस सेकंद पाठ करून उभा होता.

त्याच्या पाठीमागे ऑरिन चेहरा तळव्यांत घालून बोलत होता. आर्डिसने आवाज वाढवला.

"केल्विन, या वेळी मला सोडू नका रे. माझं ऐक. मी परत करणार. कोणाला तरी मारून टाकणार मी. मला बाहेर जाऊ देऊ नका."

मॅरिटने मान हलवली नाही. आर्डिसने चित्रीकरण बंद केलं आणि वही मिटली. केल्विनच्या पाठीचा वेळ लिहिला नव्हता. लिहिला नाही तर कोणाला कळणार नव्हतं; मिल्टन तिच्या वहीपलीकडे कधी बघत नसे. ती दोन दिवस तशीच बसली. आशीलाच्या फायद्याचा कागद दाबून ठेवायचा असतो का, हा प्रश्न मिल्टनच्या वडिलांनी तिला पहिल्याच आठवड्यात विचारला होता, आणि तिने तेव्हा बरोबर उत्तर दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने वही मिल्टनपुढे ठेवली.

"चार मिनिटं?" मिल्टनचे डोळे चमकले. "करत काय होता केल्विन?"

"ऑरिन रडत होता. आणि काय बोलत होता ते ऐक."

मिल्टनने ऐकलं. चष्मा काढून पुसला. "मी कोर्टात केल्विनला एवढंच विचारणार, पाठ फिरवली होती का."

"आणि तो काय बोलला ते ऑरिनला सांगणार?"

"शुद्धीवर असताना ऑरिनने मला काय सांगितलंय? सोडव. मी शुद्धीतल्या माणसाचा वकील आहे, आर्डिस."

"दारूतलाही ऑरिनच होता."

"तू माझ्या वडिलांसारखं बोलायला लागलीस की मला कॉफी लागते," मिल्टन म्हणाला, आणि उठून गेला.

नोव्हेंबरात सुनावणी झाली. मिल्टनने प्रश्न विचारला, केल्विन "हो" म्हणाला. सरकारी वकिलाने बिचकत विचारलं, "पाठ का फिरवलीत?"

केल्विन लाल झाला. "तो रडत होता, साहेब."

ऑरिन काय बोलत होता ते केल्विनने सांगितलं नाही, आणि त्याला कोणी विचारलंही नाही. न्यायाधीशबाईंनी आपल्या कागदांकडे बघत आकडा बाद केला. तासाभरात सरकारी वकिलाने खटला मागे घेतला.

बाहेरच्या पडवीत ऑरिनने आर्डिसला गाठलं. मान खाली. "सगळ्या गावापुढे रडका ठरलो मी. तुम्ही पाहिलंत का ते, आर्डिसबाई?"

"सात वेळा."

"मला काही आठवत नाही. कशासाठी रडत होतो?"

तो आशील होता. त्याचे शब्द त्याचेच होते. आर्डिसने ते त्याला सांगितले, जसेच्या तसे, काही न गाळता. ऑरिनचा चेहरा पांढरा पडला. मग तो पायऱ्या उतरून चौकातल्या आपल्या ट्रककडे चालू लागला. गाडी चालवायचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. तळ्याच्या रस्त्याला लागायच्या आधी दारूचं एक दुकान होतं, दोन गुत्ते होते.

आर्डिस कोट न घालताच मागे गेली आणि ट्रकपुढे उभी राहिली. ऑरिनने काच खाली केली.

"बाजूला व्हा, बाई."

"नाही."

"निकाल माझ्या बाजूने लागलाय."

"ऐकला मी. मीच लावलाय तो."

"मग थंडीत का मरताय इथे?"

"तू केल्विनजवळ एक मागणं मागितलंस. त्याने भिडेपोटी तोंड फिरवलं. मला तसली भीड नाही आता. वय झालं माझं."

ऑरिनने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. आर्डिसच्या गुडघ्यांना लोखंडाचा थरथराट लागत होता. ती हलली नाही. त्याच्या शेजारच्या जागेवर तिने पाहिलं. ती अजून रिकामी होती, आणि त्या रिकामेपणाची तिला जास्त भीती वाटली. बराच वेळ गेला. मग इंजिन बंद झालं, आणि ऑरिनने कपाळ स्टिअरिंगच्या चाकावर टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मिल्टन होता, केल्विन होता, दोन कारकून होते. एकेक करून त्यांनी तोंडं फिरवली. कोणी आभाळाकडे बघू लागलं, कोणी बुटांकडे. आर्डिस काचेतून त्याच्याकडे बघत उभी राहिली.