कुआनयिनच्या स्वयंपाकघरातल्या जावा

आमच्या हुंगशी गावात थोरली मेईश्यांग आणि धाकटी छाईलान या सख्ख्या जावा. अकरा वर्षं अबोला. वाटणीत सासूची लोणच्याची मोठी बरणी धाकटीने नेली, तेव्हापासून. डोंगरावरच्या देवळात थोरली जाणार अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी, धाकटी पौर्णिमेला. वाटेत गाठ पडायलाच नको!

यंदा कुआनयिन देवीच्या उत्सवाच्या तोंडावर देवळातल्या स्वयंपाकिणीचा पाय मुरगळला. तीनशे माणसं जेवायला येणार. मठाच्या गुरुबाईंनी दोघींना वेगवेगळा निरोप धाडला, एकीला दुसरीचा पत्ता लागू दिला नाही. मी बांबूचे कोंब सोलायला होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

दोघी चुलीपाशी समोरासमोर आल्या आणि थबकल्या. पण देवीच्या दारातून उठून जाणार कसं?

"गुरुबाई, त्यांना म्हणावं, टोफू जाड कापलाय," थोरली म्हणाली.

"गुरुबाई, त्यांना म्हणावं, चष्मा लावा," धाकटी म्हणाली.

"मला घंटा वाजवायचीय," म्हणत गुरुबाई सटकल्या. मग दोघी माझ्यामार्फत भांडू लागल्या. मी आपली मान खाली घालून कोंब सोलत राहिले.

तेवढ्यात कढईतल्या तेलाने पेट घेतला. "ताई, मागे व्हा!" धाकटी ओरडली, तिने थोरलीला दंडाला धरून खेचलं आणि कढईवर धाडकन झाकण घातलं. थोरलीच्या भुवया तेवढ्या होरपळल्या.

"अगं, बोललीस की!" थोरली म्हणाली.

"मग काय जळू देऊ तुम्हाला?"

मग थोरलीने हळूच विचारलं, "बरणी कशी आहे?"

"फुटली. नेली त्याच वर्षी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कशी सांगणार? तुम्ही बोलत कुठे होतात!"

थोरली आधी हसली, मग एप्रनच्या टोकाला डोळे पुसत बसली. धाकटीने आपली सुरी उचलली आणि ती टोफू पातळ कापायला लागली.

आता दोघी दोन्ही दिवशी बरोबर चढतात, अख्खा डोंगर भांडत, आणि देवळातला स्वयंपाकही दोघीच करतात. देवळातल्या भाजीत मीठ मात्र जास्त होतं. एकीने घातलेलं दुसरीला कमीच वाटतं. गुरुबाई मुकाट्याने जेवतात आणि वर दोन वाट्या पाणी पितात.