पाहुण्यासाठी धुतलेला पूल

तीन माणसं, एक थर्मास आणि न थांबणारा पाऊस एकत्र आले, की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे तर वर छप्परही होतं, लाकडी पुलाचं. लग्न होऊन मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावी आले. निखिल ऑफिसला गेला की घर फार शांत व्हायचं. मी मुळात कमी बोलते, पण इतकी शांतता मलाही झेपेना. जुन्या पुलाच्या देखभालीला व्हॉलंटियर्स हवेत असं लायब्ररीत वाचलं आणि गेले.

*

तिथे दोघं होते, दोघंही सत्तरीचे. हॉवर्ड, रिटायर्ड भूगोल शिक्षक, आणि केक आणणाऱ्या मार्गारेट. "मला हॉवर्डच म्हण." माझी जीभ वळेना. मी नुसती समोर जाऊन उभी राहायचे, ते बघेपर्यंत. त्यांना वाटलं मला इंग्रजी येत नाही. मग ते माझ्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागले.

*

कॉलिंग कार्डवरून फोन केला तर आई म्हणाली, "पुलाला छप्पर कशाला गं? तिकडे छत्र्या मिळत नाहीत?"

हॉवर्डना विचारलं. ते म्हणाले, छप्पर माणसांसाठी नाहीच. बाजूच्या तिरक्या तुळया, त्यांचे सांधे, ओकच्या खुंट्या, सगळं पाण्यानं कुजतं. कोरडं राहिलं तर पूल टिकतो. आपलं डोकं भिजत नाही हा बोनस.

*

पूल का बांधला यावर दोघांचं एकमत नाही. हॉवर्ड म्हणतात, इथला जमीनदार स्वित्झर्लंडला असा पूल बघून आला आणि हटून बसला. मार्गारेट म्हणतात, त्याच्या बायकोची हॅट भिजायची. एका टूरिस्टानं विचारलं, मग खरं कोणाचं? मार्गारेट म्हणाल्या, "केक कोणाचा खाताय?"

*

एका शनिवारी निखिल आला. एका खुंटीकडे बोट दाखवून म्हणाला, ही निघाली तर बॅकअप काय? हॉवर्डनी त्याच्या हातात लाकडी हातोडा दिला. "तू." तेव्हापासून तो शनिवारी घरी क्रिकेट बघतो.

*

मग कौन्सिलनं कळवलं, छपराचा खर्च झेपत नाही. काढायचं का ते इंजिनियर बघून ठरवेल. छप्पर गेलं की काही वर्षांत पूलही जाणार. हॉवर्डना त्या आठवड्यात केकही गोड लागेना.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. पाहुणा येणार आणि दारात चिखल? ओढ्यातून बादल्या भरून आणल्या, फळ्या घासून धुतल्या. लख्ख!

हॉवर्ड आले आणि जागीच थांबले. आयुष्यभर पाण्यापासून जपलेला पूल खालून ठिबकत होता. मागोमाग इंजिनियर. रात्रभर पाऊस झालेलाच होता. त्यानं ओल्या फळ्या बघितल्या, मग छप्पर. "गळतंय तर. मग ठेवायचं कशाला?"

त्या पुलावर मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

"गळत नाही. मी धुतलाय."

"का?"

"तुम्ही येणार होतात."

त्यानं वर टॉर्च मारला. कोळ्यांची जाळीसुद्धा कोरडी होती. मग त्यानं खाली बघितलं, आपल्या चिखलाच्या बुटांकडे. वाकून लेस सोडल्या, बूट हातात घेतले आणि ओल्या फळ्यांवरून नुसत्या मोज्यांवर पलीकडे चालत गेला.

तिकडून म्हणाला, "छप्पर राहील. पुढच्या वेळी मी न कळवता येईन."