बुरशीचं गाव

सुरतेतल्या आमच्या बमरोलीत कुणी नवं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: कोणतं गाव? नाव, काम सगळं मागाहून. माझ्या आईने तर हा प्रश्न बुरशीलाही लावला.

दारातला निंब शेंड्याकडून वाळत चालला होता. आई लग्न होऊन खानदेशातून सुरतेत आली, त्याच वर्षी तिने तो लावलेला. वडील गेल्यापासून ती माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलायची. पावसानंतर बुंध्याशी तपकिरी, चकचकीत भूछत्र उगवलं, अर्ध्या ताटलीएवढं. मी पाहताक्षणी ओळखलं. झाडं मारणाऱ्या बुरशींची जनुकं वाचणं हीच माझी नोकरी. असं भूछत्र बाहेर दिसतं तोवर आत मुळं कुजून गेलेली असतात, हे मला पाठ आहे. तरी मी गल्लीभर कापड रंगवणाऱ्या मिलच्या पाण्याला शिव्या घालत फिरले. कुणाला तरी शिव्या घालायच्याच होत्या मला.

"हाई कोनता गावनं शे?" आईने भूछत्राकडे बोट दाखवून विचारलं.

"माय, बुरशीला कसलं आलंय गाव?"

"तू इतली शिकेल शे ना? मंग काढ शोधी."

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. आईच्या माहेरचा निंब, ज्याला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधतात, तो वाऱ्यात मुळासकट आडवा झाला होता. त्याच्याही बुंध्याशी असलंच भूछत्र होतं म्हणे. "ताईला बोलू नको," मामा म्हणाला, "तिचा जीव आहे त्या झाडात." मी तसा शब्द दिला. फक्त कुजक्या मुळाचा एक तुकडा मागवून घेतला.

दोन्ही बुरशींचा डीएनए शेजारी शेजारी लावला. या बुरशीचे बीजाणू वाऱ्याने लांब जातात, तिथे दुसऱ्यांशी जोडी जमवतात, त्यामुळे दोन गावांतल्या झाडांवरची बुरशी फार तर भावकीतली निघते. इथे तपासलेली प्रत्येक खूण जुळली. भावकी कसली, ती एकच बुरशी होती. म्हणजे वाऱ्याने नव्हे, कुणीतरी तिचा जिवंत तुकडाच उचलून आणला होता.

कुणी, ते मला विचारावं लागलं नाही. दर आखाजीला माहेरी जाऊन परतताना आई त्या निंबाखालची ओंजळभर माती फडक्यात बांधायची. सुरतेला पोचली की चपला काढायच्या आधी ती दारातल्या निंबाला घालायची. त्या मातीत मुळांचे बारीक तुकडे असणारच की. लहानपणी ते फडकं मांडीवर धरून मीच गाडीत बसलेली आहे. लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन मी हमसून हमसून रडले.

घरी येऊन सरळ खोटं बोलले. "सुरतचंच आहे ते."

"मंग बरं," आई म्हणाली. तिचा चेहराच निवळला. आत गेली, आणि बाहेर आली ती निंबाचं रोप आणि ते फडकं घेऊनच. या आखाजीची अर्धी माती तिने राखून ठेवली होती, मला पत्ताच नाही! अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून खड्डा खणायला लागली. "आते हाई रोप तरी वाची," म्हणाली.

मी तिचा हात धरला. "नको घालू ती माती, माय."

"काबरं?"

खोटं रेटलं असतं तर ती माती खड्ड्यात गेली असती. जे होतं ते सांगून टाकलं. बुरशी तुझ्या माहेरची आहे, या मातीतूनच आली, तुला कसं कळणार, डोळ्यांना दिसतं का ते, कुणाचाच दोष नाही. मी नुसती सुटले होते. तिने स्वतःला बोल लावू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती मात्र फडक्याची गाठ आवळत बसली. एकदा आवळली, पुन्हा आवळली.

"ती बुरशी तठली शे," ती हळूच म्हणाली, "मंग माहेरना निंब बी गया का?"

मामाला दिलेला शब्द मोडून मी हो म्हणाले.