तिचं निळं आणि त्यांचं ब्लाऊ

वसुधा गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली, तीही इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर. “आपल्या सर्वांच्या लाडक्या ब्लाऊताई काल हृदयविकाराने आपल्याला सोडून गेल्या. आपल्याला खळखळून हसवणारा तो चेहरा…” पुढचं मी वाचलंच नाही. ती गेली हे आधी डोक्यात शिरलंच नाही, शिरलं ते ‘ब्लाऊताई’. बाई मेली, आणि मेल्यावरसुद्धा तिचं नाव नीट लिहिता येत नाही यांना? वसुधा. तीन अक्षरं आहेत, काही जड नाहीत. आता पाचसहा आठवडे होऊन गेले, दिवस झाले, शोकसभा झाली, पण माझा राग काही केल्या उतरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात. मला नाही जमायचं. तिच्या मुलीला, इराला, विचारून लिहिते आहे. “श्राइब, मावशी,” म्हणाली. लिही.

जर्मनीबाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. ब्लाऊ म्हणजे निळा. पण एखादा माणूस ब्लाऊ आहे असं जर्मन म्हणतो, तेव्हा तो माणूस पिऊन तर्र झालेला असतो. आमच्या वसुधानं जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. ऑफिसच्या पार्टीत सगळे बिअरचे मोठाले ग्लास घेऊन उभे असायचे, तेव्हा हिच्या हातात सफरचंदाचा रस. अशा बाईला वीस वर्षं आपण ‘ब्लाऊताई’ म्हणत आलो आणि तिनं म्हणू दिलं. तिनं म्हणू दिलं, याचा मला जास्त राग येतो.

आमची ओळख जिन्यात झाली. ब्योब्लिंगेनला आम्ही नवीन होतो आणि इकडे दर आठवड्याला एकेका घराकडे जिना झाडायची पाळी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई माझ्या दारात उभ्या राहून कडाडत होत्या, आणि मला ओ की ठो कळत नव्हतं. तेवढ्यात वरून एक बाई झाडू घेऊन उतरली, काहीतरी इंग्रजी गुणगुणत. आजीबाईंना तिनं दोन वाक्यांत गप्प केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “पुण्याची ना? चेहऱ्यावर लिहिलंय. आज मी झाडते, पुढच्या वेळी तू.” मी बावळटासारखी विचारती झाले, “गाणं कुठलं होतं ते?” ती म्हणाली, “पिवळं.”

गाण्याचं नाव ती कधी घ्यायची नाही, गाणाऱ्याचंही नाही. फक्त रंग. पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांच्या छोट्या तबकड्या, आणि त्यासुद्धा ज्यांच्या नावात रंग आहे तेवढ्याच. एक लाल होतं, त्यात कुणीतरी शीळ घालायचं. एक हिरवं, घर सोडून लांब गेलेल्या माणसाचं, ते लागलं की माझा नवरासुद्धा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचा. जांभळं लावलं की आम्ही दोघी स्वयंपाकघरात हातात लाटणी घेऊन नाचायचो. आणि निळी तर ढिगानं. “या अमेरिकन लोकांना निळ्याचं एवढं काय गं?” मी एकदा विचारलं. “अगं, सुखी असताना कोण गाणी करतंय!” ती म्हणाली. आमच्याकडे अमेरिकन सैन्याची छावणी पूर्वीपासून आहे. तिथून बदलून गेलेल्या बिऱ्हाडांनी टाकलेल्या तबकड्या फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या बाजारात, मिळायच्या. दर शनिवारी ही तिथे. कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढून तबकड्या चाळत बसायची आणि मी शेजारी पाय आपटत शिव्या घालायचे.

हे वेड तिच्या बाबांकडून आलेलं. ते पुण्यात सरकारी कचेरीत कारकून होते. तरुणपणी कॅम्पातल्या हॉटेलांत वाजायची ती गाणी त्यांनी ऐकली, आणि पुढे जमेल तशा तबकड्या घेतल्या. त्यांचं इंग्रजी निम्मं त्या गाण्यांतलंच. वसुधा सांगायची, आमच्या घरात उदास व्हायची सोयच नव्हती. तोंड पाडून बसलं की आई म्हणायची, “काय झालंय काय? दोन वेळा खायला मिळतंय ना? मग ऊठ, धुणं वाळत घाल.” बाबांनी यातून पळवाट काढली. कचेरीतून आले की चपला काढता काढता विचारायचे, “वसू, आज कुठला रंग?” तिनं ‘ब्लू’, म्हणजे त्या गाण्यांतल्यासारखं उदास, म्हटलं की जास्त चौकशी नाही, उपदेश नाही. एक निळी तबकडी लावायचे आणि शेजारी बसायचे. मराठीत उदासीला रंग नव्हता, तो बाबांनी अमेरिकेहून मागवून घेतला, असं ती म्हणायची. तिच्यासाठी तो शब्द म्हणजे माहेर होतं. इकडे आली, जर्मन शिकली, आणि त्या शब्दाचं सरळ भाषांतर केलं. झालं!

आता ती प्रसिद्ध गोष्ट. मंडळात ती दर गणपतीत सांगितली जायची, म्हणजे तिच्याकडून सांगवून घेतली जायची. “वसुधाताई, ब्लाऊ! ब्लाऊ!” असा ओरडा व्हायचा आणि ही पदर खोचून उभी राहायची. एका सकाळी ती ऑफिसात गेली. साहेबानं विचारलं, सगळं ठीक ना? ही म्हणाली, “नाइन. इश बिन ब्लाऊ.” नाही, मी ब्लाऊ आहे. सकाळी नऊ वाजता! साहेब पांढराफटक. हळूच जवळ येऊन त्यानं वास घेतला. मग अतिशय आदरानं हिच्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली, टॅक्सी बोलावली, भाडं स्वतः दिलं आणि म्हणाला, घरी जा, झोपा, कुणाला कळणार नाही. आणि ही टॅक्सीत बसून विचार करते, काय बाई सुसंस्कृत लोक! उदास माणसाला गाडीसुद्धा चालवू देत नाहीत! इथे सभागृह कोसळायचं. वास घेणाऱ्या साहेबाची नक्कल तर ती अशी करायची की पोट दुखेपर्यंत हसावं.

गोष्टीत एक वाक्य नसायचं. ते मला माहीत होतं आणि कुणाला सांगू नकोस असं तिनं बजावलं होतं. आज सांगते. त्या दिवशी पहाटे पुण्याहून फोन आला होता. तिचे बाबा गेले होते. विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं, घरात चार वर्षांची इरा, नवरा रेगेन्सबर्गला नोकरीला गेलेला आणि तिकडचाच होऊन राहिलेला. इराला किंडरगार्टनमध्ये सोडून ही रजा सांगायला ऑफिसात गेली. साहेबानं विचारलं तेव्हा बाबांना जे सांगायची तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं. तिनं सांगितलं, मी निळी आहे. आणि त्यांनी वास घेतला.

रजा तिनं मग ‘घरगुती कारण’ एवढंच कळवून घेतली. पुण्याहून परत आली तेव्हा ऑफिसनं तिला बोलावून, अगदी सहानुभूतीनं, एक माहितीपत्रक दिलं. दारू सोडवणाऱ्या संस्थेचं. ते घेऊन ती माझ्या स्वयंपाकघरात आली, ओट्यावर आपटलं आणि हसायला लागली. हसता हसता रडली. मग नाक पुसून म्हणाली, “मंजू, हे मी गणपतीत सांगणार.” मी म्हटलं, “बाबांचंही सांगशील ना?” तर म्हणते, “छे! मग सगळे गप्प होतील. चेहरे पाडतील. त्या चेहऱ्यांचं मी काय करू? हसले तर बरं असतं गं.” मी तेव्हा भांडले होते तिच्याशी. आजही भांडले असते. अगं, लोक गप्प झाले असते तर होऊ द्यायचे होतेस! एखादी तरी बाई येऊन जवळ बसली असती!

आणि एवढं होऊनही हट्ट कसला, तर शब्द सोडायचा नाही. “जर्मनांचं ब्लाऊ त्यांना लखलाभ,” म्हणायची, “माझं ब्लाऊ माझ्या बाबांचं आहे.” बाबा गेल्यावर तिचे निळे दिवस वाढत गेले. नोकरी, घर, मूल सगळं एकटीनं ओढायची, आणि एखाद्या दुपारी अशी आडवी व्हायची की उठणं नाही. मी कितीदा म्हटलं, डॉक्टरला सांग. एकदा गेलीही. मानसोपचारासाठी जी वाट बघायला लावली, ती बघता बघता आली कंटाळून. कुठून मिळणार माणसाला मदत? फोन करून करून आधी बरं व्हायचं आणि मग नंबर लागायचा, अशी तऱ्हा! मंडळात कुणाला बोलली असेल, “आज जरा ब्लाऊ आहे हो,” तर समोरून उत्तर काय? “चिअर्स, ताई!” असं कितीदा झालं असेल… मला विचारही करवत नाही.

इराचा तिला घोर लागलेला होता. मुलगी शिकायला डार्मश्टाटला गेली आणि तिकडेच संशोधनात रमली. काही फार लांब नाही ते. पण यायची ती सणासारखी, वर्षातून एकदोनदा, एक रात्र राहून जायची. वसुधा म्हणायची, “जर्मन झाली गं ती. आईला भेटायलाही टेर्मीन लागते.” टेर्मीन म्हणजे ठरवलेली वेळ, इथे त्याशिवाय पान हलत नाही. हसत म्हणायची, पण फोन वाजला की धावायची. मला इराचाही राग यायचा. लहानपणी माझ्या घरी तासन्‌तास खेळायची, पण मैत्रिणींना आपल्या घरी कधी न्यायची नाही. तेव्हाही मला ते खटकायचं.

शोकसभेला इरा आली नाही. मंडळानं सभागृह घेतलं होतं, फोटोला हार, समईच्या जागी विजेचा दिवा. दोनतीन भाषणं झाली आणि मग अध्यक्ष सुहासराव माईकपाशी गेले. “वसुधाताईंना रडलेलं आवडलं नसतं,” म्हणाले, “आल्झो, तर मग त्यांचीच गोष्ट त्यांच्याच पद्धतीनं…” आणि लागले सांगायला. साहेबाची नक्कलही केली. लोक हसले. हार घातलेल्या फोटोसमोर हसले हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जागेवरूनच ओरडले, “त्या दिवशी तिचे वडील वारले होते!” सगळं चिडीचूप. सुहासराव माईक हातात धरून तसेच उभे. मग बारीक आवाजात म्हणाले, “अहो मंजूताई, आम्हाला काय माहीत? त्या स्वतःच तर सांगायच्या…” खरं होतं. त्यांचं चुकलं असं म्हणायलाही जागा नव्हती, आणि तिला झापावं तर ती फोटोत. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

पुढच्या रविवारी इरा घर रिकामं करायला आली. घरमालकाला जागा परत द्यायची होती. मी जेवणाचे चार डबे घेऊन गेले, मनात तिला सुनवायची वाक्यं जुळवत. वर कुणी नव्हतं. ती खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात प्रत्येक घराला एक कोठडी असते तिथे, होती. आकाशकंदील, जुने कुकर, सुटकेसेस, सगळं बाहेर काढून पसरलेलं. सुटकेसेसही उघडून उलट्या केलेल्या. हात कोपरापर्यंत काळे.

“इरा, काय शोधतेयस एवढं?”

तिनं वर बघितलं नाही. “वो हाट झी डी फ्लाशन?”

बाटल्या कुठे ठेवल्यात तिनं. मला वाटलं, तेलाच्या विचारतेय. “कसल्या बाटल्या?”

“मावशी, बिट्टे,” ती विनवत म्हणाली. मग जर्मनमध्ये भडाभडा बोलत सुटली. मला, म्हणाली, लहानपणापासून माहीत आहे. आई दुपारी सोफ्यावर पडलेली असायची, डोळे लाल, ती गाणी चाललेली. विचारलं की म्हणायची, आई आज ब्लाऊ आहे. शाळेत मला कळलं ब्लाऊ म्हणजे काय. आणि तुम्ही सगळे तर गणपतीत हसायचाच की, ऑफिसात पिऊन गेली म्हणून. मी तिचा चहाचा कप हुंगून बघायचे. कधी वास आला नाही, म्हटलं लपवते. फोन करायची, आज जरा ब्लाऊ आहे, येतेस का? मी नाही यायचे. तशा अवस्थेत मला तिला बघायचं नव्हतं. वर सगळं शोधलं, इथेही काही नाही. एवढी वर्षं प्यायली, कुठे टाकत होती ती?

 मी एका सुटकेसवर बसले. तिला सांगितलं. आजोबांचं सांगितलं, चपला काढता काढता विचारायचे ते सांगितलं, त्या सकाळचा पुण्याचा फोन सांगितला. मी मराठीत बोलत होते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती कायम जर्मनमध्येच देत आली. आईलाही.

तिनं काळे हात एकमेकांवर पुसले. मग चाचपडत, एकेक शब्द शोधत, मराठीत म्हणाली, “म्हणजे ती… फक्त उदास होती?”

“हो.”

“आणि मला बोलवत होती?”

“हो गं, बाळा.”