कानोची आजी आणि गिताबाईंचं वारं

शिरूरच्या कडेला फुलं-भाजीचा मळा पिकवणाऱ्या गिताबाई कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. नायजेरियातून फार्मसी शिकायला आलेल्या नासिरूला कुणी खोली देईना, तेव्हा त्यांनी मळ्यातली मागची खोली उघडून दिली. थोरला मुलगा बाळासो म्हणाला, परका माणूस, त्यात मुसलमान, उद्या काही झालं तर? झालं तर माझ्या माथी, असं म्हणून बाईंनी विषय मिटवला.

पोरगं गोडच होतं. वेळेवर नमाज पढायचं, बाईंच्या हातची भाकरी मिटक्या मारत खायचं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत आपल्या कानो शहराच्या गोष्टी सांगायचं. तो हौसा लोकांतला. त्यांच्याकडे इस्लाम आला तो वाळवंटातून, उंटांच्या तांड्यांबरोबर, व्यापाऱ्यांच्या तोंडून. आधी राजांनी कलमा पढला. मग कित्येक पिढ्यांनी एक मोठा मौलवी जुनं सगळं पुसायला उठला. नावं, पेहराव, न्यायनिवाडा, सगळ्यांत धर्म मुरला. बायकांच्या अंगणातला ढोल तेवढा थांबला नाही. त्या ढोलावर नासिरूच्या आजीच्या अंगात वारं यायचं. तिकडे त्याला बोरी म्हणतात. पुढे त्याचा काका परदेशातून धर्म शिकून आला आणि त्यानं ढोल फोडला. आजी तेव्हापासून गप्पच झाली, हे सांगताना पोराचे डोळे भरून आले.

गिताबाईंना गलबलून आलं. त्यांचं माहेर कवठे येमाई, आणि नवरात्रात त्यांच्याही अंगात येमाई देवीचं वारं येतं. घराची रीत अशी, की ते फक्त घरच्यांनी बघायचं. दार लावून घ्यायचं, केस मोकळे सुटलेली बाई परक्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. यंदा बाईंनी नासिरूला आत बसवलं. बाळासो धुमसायला लागला.

"त्याला ठावं हाय हे काय असतं," बाई म्हणाल्या. "त्यो घरचाच."

दसरा झाला आणि नात राजनंदिनी गोरीमोरी होऊन मोबाइल घेऊन आली. पडद्यावर गिताबाईच घुमत होत्या, पदराचं भान नसलेल्या. कॉलेजच्या पोरांत व्हिडिओ फिरत होता. खाली नासिरूनं इंग्रजीत लिहिलेलं तिनं अडखळत सांगितलं: इस्लाम यायच्या आधी आमच्या आज्या अशाच होत्या, अल्लानं आम्हाला यातून सोडवलं.

बाळासोनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि मळ्यात निघून गेला, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं. ज्याच्यासाठी पोटच्या पोराशी वाकडं घेतलं, त्यानंच केसानं गळा कापला.

बाईंनी बोलावलं तेव्हा नासिरू मान खाली घालून उभा राहिला. हिंदूंच्या घरात राहून पोरगं बिघडलं, असं काकाच्या मनात आलं होतं. आपण बिघडलो नाही याची त्याला खात्री पटावी म्हणून व्हिडिओ टाकला, इतका पसरेल असं वाटलं नाही, असं काहीबाही तो सांगत राहिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या आजीनं बघितला का रं?"

काकानंच तिला दाखवला होता.

"काय म्हनली ती?"

नासिरू म्हणाला, "कुछ नहीं बोली. बस पूछा, यही औरत तुझे खाना खिलाती है?"

गिताबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"तिला सांग, घालत व्हती जेवाय," त्या म्हणाल्या, आणि खोलीच्या किल्लीसाठी हात पुढे केला.