पेल्यातला मातीचा वास

लेकीच्या घरी कुणी माझ्यापुढे लाल वाइनचा पेला केला आणि त्या वासानं मला दुष्काळातल्या, नुकताच जिल्हा झालेल्या लातूरच्या विश्रामगृहात नेलं. त्या दुपारी आमच्या कामावरची विहीर ढासळली होती आणि आत न डोकावताच मी साहेबांना ‘सगळे मजूर वर आले’ असं सांगून मोकळा झालो होतो. साहेबांनी फ्रान्सची बाटली उघडली. “लगेच गिळू नका, आधी हुंगा. कशाचा वास येतो?” “खोकल्याच्या औषधाचा!” ओव्हरसियर म्हणाला, सगळे हसले. मला मात्र त्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या मातीचा वास आला. “शाब्बास, नाक आहे तुम्हाला!” साहेब म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकीणबाई दारातून म्हणाली, “इंजिनेरसाहेब, आमचं माणूस विहिरीवरून आजून आलं न्हाई, लई येळ झाला.” “येईल,” मी म्हणालो आणि घोट जिभेवर घोळवला. त्या घटकेला तिचा नवरा मातीखाली जिवंत होता का, हे मला आजही ठाऊक नाही.